कोठवर? आमचा विलाप-रविवार आणि त्याआधीचे तीन महिने

रविवार, 3 ऑगस्ट 2025. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू. उपासना संपवून मी नेहमीप्रमाणे चर्चच्या दारात उभा होतो. गर्दी ओसरली तरी एक ताई थांबून राहिल्या. दीड वर्षापूर्वी त्यांचे पती वारले. अंत्यविधी मीच चालवला होता. गीतांचं पुस्तक छातीशी धरून त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, दीड वर्ष मी इथे उभी राहून नुसते ओठ हलवते. गीतं सगळी आनंदाची. मला गाता येईल असं एकही नसतं."

"तुमच्यासाठी प्रार्थना करतो," एवढंच मला बोलता आलं. त्या "बरं" म्हणून निघून गेल्या.

घरी आल्यावर मी फेब्रुवारीपासूनचे उपासनाक्रम काढून बसलो. 26 रविवार आणि एक उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. शोकाचं म्हणता येईल असं गीत सापडलं ते फक्त उत्तम शुक्रवारी. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश विलापाची, देवापुढे गाऱ्हाणं मांडणारी आहेत. आमच्या 26 रविवारांत त्यांतली तीन वाचली गेली होती. त्यांपैकी दोन तर कठीण वचनांच्या अलीकडेच थांबवलेली. कुठे थांबायचं ते पेन्सिलीने मीच आखलेलं होतं. त्या पेन्सिलीच्या रेघा बघताना मला फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून नोव्हेंबरपर्यंत काय काय झालं ते क्रमाने लिहितो आहे. असा एखादा विषय घेऊन रविवारची उपासना बसवायची असेल, तर कुठे किती वेळ जातो आणि कुठे चूक होते हे आधी कळलेलं बरं.

पहिले दोन आठवडे मी कुणाशी बोललो नाही. फक्त एक पान लिहिलं. त्यावर वर आमच्या मंडळीसाठी, म्हणजे चर्चच्या सभासदांसाठी, एक वाक्य होतं: "या रविवारी मंडळीला देवासमोर मोकळेपणाने रडता यावं." बाकी सगळं त्याखाली. हे वाक्य पुढे फार कामाला आलं. कुणी काही सुचवलं की आम्ही त्या वाक्याकडे बघायचो. फुलांची सजावट, लहान मुलांचं नाट्य, पाहुणे वक्ते, सगळं चांगलंच होतं, पण त्या वाक्यात बसत नव्हतं.

तारीख ठरवायला वेळ लागला नाही. 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, आणि त्याला लागून येणारा रविवार 2 नोव्हेंबरचा. मरण पावलेल्यांची आठवण करायला मंडळ्या हे दिवस शेकडो वर्षं पाळत आल्या आहेत.

17 ऑगस्टला विषय पंचकमिटीपुढे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, ठेवला. सेक्रेटरींनी विषयपत्रिकेत तो सहाव्या क्रमांकावर घातला होता आणि पाच विषय संपेपर्यंत सगळे दमले होते. पंचांपैकी सर्वांत ज्येष्ठ काकांनी सरळ विचारलं, "ख्रिस्ती माणसाकडे पुनरुत्थानाची आशा असते. मग मंडळीत विलाप कशासाठी?" त्यांनी बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाचा दाखलाही दिला. मी तोच भाग पुन्हा उघडून वाचला. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं पौल तिथे लिहितो. शोकच करू नका, असं तो लिहीत नाही. मग योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढला. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरीही कबरेकडे जाताना "येशू रडला." काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मतदान घ्या, मी विरोध करत नाही." ठराव झाला, इतिवृत्तात नोंद झाली. खजिनदारांनी खर्च विचारला. मेणबत्त्या, वाळू आणि छपाई, बस. पैसे या कामात फार लागत नाहीत. वेळ मात्र लागतो.

आमच्याकडे उपासनाक्रमात मोठा बदल करायचा तर वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. 20 ऑगस्टला मी अर्ज पाठवला आणि त्यात फक्त विषय, तारीख आणि ठरावाची प्रत जोडली. ही चूक झाली. दोन आठवड्यांनी उलट विचारणा आली: नेमका क्रम काय, प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असणार का, नावं वाचणार तर कुणाच्या संमतीने? मग कच्चा उपासनाक्रम जोडून पुन्हा पाठवला आणि 15 सप्टेंबरला परवानगी आली. 26 दिवस गेले. पहिल्याच अर्जाला पूर्ण क्रम जोडला असता तर निम्म्या दिवसांत काम झालं असतं. परवानगीत तीन अटी होत्या: विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, गाळू नये, प्रभुभोजनाचा विधी मान्य नमुन्याप्रमाणेच व्हावा, आणि कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय कुणाचंही नाव वाचू नये. त्या वेळी अटी जाचक वाटल्या होत्या. आता तिन्हींसाठी मी आभारी आहे.

परवानगीची वाट बघत असतानाच तयारीगट जमवला. आम्ही सहा जण: मी, क्वायरच्या प्रमुख, रविवार शाळेच्या बाई, एक निवृत्त परिचारिका, तरुण संघातला एक मुलगा, आणि त्या दिवशी दारात थांबलेल्या ताई. त्यांना विचारायला मी घरी गेलो तेव्हा म्हणाल्या, "मला बोलायला लावणार नसाल तर येते." पहिल्या दोन बैठकांत त्या खरंच काही बोलल्या नाहीत.

24 ऑगस्टच्या पहिल्या बैठकीत आम्ही गीतांना हातच लावला नाही. फक्त वाचन केलं. आधी बायबलमधलं विलापगीत हे पुस्तक. यरुशलेम उद्ध्वस्त झालं त्या काळाचं, इ.स.पू. 587 च्या सुमाराचं दुःख त्यात आहे. अध्याय पाच. इब्री मुळाक्षरं 22, आणि पहिले चार अध्याय त्या अक्षरांच्या क्रमाने रचलेले. आपण अ पासून ज्ञ पर्यंत म्हणावं तसे. तिसऱ्यात तर प्रत्येक अक्षराला तीन वचनं, म्हणून 66. पाचव्या अध्यायातही वचनं 22 च आहेत, पण अक्षरांचा क्रम मोडलेला आहे. मी हे सांगितलं तेव्हा रविवार शाळेच्या बाई हळूच म्हणाल्या, "तिथपर्यंत येता येता लिहिणाऱ्याला धाप लागली असेल." अभ्यासक याची कारणं काय देतात ते वेगळं, पण मला त्यांचं म्हणणं पटलं.

खरी चर्चा झाली ती तिसऱ्या बैठकीत, दोन स्तोत्रांवर. तेरावं स्तोत्र छोटं, सहा वचनांचं. पहिल्या दोनच वचनांत चार वेळा देवाला विचारलेलं आहे, कोठवर? कोठवर? आणि शेवटच्या दोन वचनांत ते स्तोत्र वळतं, भरवशाकडे आणि गाण्याकडे जातं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वळतच नाही. मूळ इब्रीत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. क्वायरच्या ताईंना शेवट तेराव्याने आणि त्यानंतर एका आनंदाच्या गीताने करायचा होता. "लोकांना असं अंधारात सोडून घरी कसं पाठवायचं?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. परिचारिकाबाई म्हणाल्या, "मी रात्रपाळीत खूप मरणं पाहिली आहेत. सकाळ झाली की नातेवाइकांना चहा पाजून 'धीर धरा' म्हणतात. धीर असाच येत नाही."

तेव्हा दारात थांबलेल्या त्या ताई पहिल्यांदा बोलल्या. "अठ्ठ्याऐंशी वाचा. पूर्ण वाचा. ते शास्त्रात आहे हे मला माहीतच नव्हतं."

ठरलं असं की अठ्ठ्याऐंशीवं आरंभी, एकही वचन न गाळता. त्यानंतर शांतता. तेरावं शेवटी, आशीर्वादाच्या आधी. त्यानंतर गीत नाही. एखादं स्तोत्र देवाकडे तक्रार करत संपतं आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं, ही गोष्ट मला वर्षानुवर्षं ठाऊक होती. मंडळीसमोर मोठ्याने वाचण्याएवढा तिच्यावर विश्वास मात्र मी कधी ठेवला नव्हता.

20 सप्टेंबरपासून घरभेटी सुरू केल्या. मागच्या पाच वर्षांत ज्यांच्या घरी मृत्यू झाला अशी कुटुंबं नोंदवहीतून काढली, शिवाय ज्यांनी स्वतःहून सांगितलं ती. पाच आठवड्यांत 41 घरं. संमतीपत्र अर्ध्या पानाचं, प्रश्न तीन: नाव वाचावं का, ते कसं उच्चारायचं, मेणबत्ती कोण लावणार. तीन कुटुंबांनी नको म्हटलं, आणि आम्ही कारण विचारलं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व मला एका आजोबांनी शिकवलं. मी नोंदवहीतलं पूर्ण नाव लिहिलं होतं. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, ते खोडलं आणि वर लिहिलं, "बाळी". "पंचावन्न वर्षं मी हीच हाक मारली," म्हणाले, "दुसऱ्या नावाने ती ओळखायची नाही." अक्षर थरथरत होतं, पण शब्द स्पष्ट होता.

जन्माआधीच गेलेल्या बाळांचं काय, हा प्रश्न परिचारिकाबाईंनी काढला. नोंदवहीत ती नसतातच. मी विचारायला धजलो नसतो. बाईंनी चार घरी स्वतः जाऊन विचारलं. दोन घरांनी बाळाचं नाव ठेवलेलं होतं. इतकी वर्षं ते कुणालाच माहीत नव्हतं, मला, त्यांच्या पाळकालाही.

भेटीला जाताना एका दिवशी दोनच घरं ठरवावीत. मी सुरुवातीला चार ठरवली होती आणि तिसऱ्या घरी माझं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं. समोरच्याला ते लगेच कळतं.

12, 19 आणि 26 ऑक्टोबरला, म्हणजे तीन रविवार, सूचना दिली. त्यात स्पष्ट सांगितलं की ही उपासना जड असेल, ज्यांना नको वाटेल त्यांनी त्या दिवशी न येणं हेही योग्यच आहे, आणि मधूनच उठून जायला दाराजवळच्या दोन रांगा मोकळ्या ठेवू. एरवी आमच्या उपासनेचं प्रक्षेपण चालू असतं. नावांच्या वेळी ते बंद राहील असंही सांगितलं.

18 ऑक्टोबरला, शनिवारी, रिकाम्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, तालीम केली. शांतता किती वेळ ठेवायची हे आम्हाला बसून बघायचं होतं. उपासनाक्रमात मी "शांतता" एवढंच लिहिलं होतं. घड्याळ लावून बसलो तेव्हा चाळीस सेकंदांतच मी बोलायला तोंड उघडलं. सवयच तशी आहे. बायबलमधल्या, दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं सगळं बिघडलं ते बोलायला लागल्यावर. तीन मिनिटं ठरली, आणि घड्याळ माझ्याकडे न ठेवता तरुण संघातल्या मुलाकडे दिलं. त्याने मान हलवल्याशिवाय मी हलायचं नाही. मेणबत्त्यांचीही तालीम करा. पंख्याच्या वाऱ्याने आमच्या अर्ध्या विझल्या, म्हणून वाळूची परात कोपऱ्यात हलवली, वरचे दोन पंखे बंद ठेवायचं ठरलं आणि शेजारी पाण्याची बादली आली.

2 नोव्हेंबर. मंदिर भरलेलं होतं. मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं, पहिल्या वचनापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि पुस्तक मिटून खाली बसलो. पहिल्या मिनिटात खोकले, चपलांचे आवाज, कुणाची तरी पिशवी घसरल्याचा आवाज. एका मुलाने आईला विचारलं, "संपलं का?" दुसऱ्या मिनिटात डाव्या बाजूला कुणीतरी रडायला लागलं, दबलेलं, मग न दबलेलं. कुणी वळून पाहिलं नाही. माझे गुडघे थरथरत होते ते मला आठवतं. तिसरं मिनिट कसं गेलं ते मला कळलं नाही. मुलाने मान हलवली तेव्हा उलट मीच थोडा उशिरा उठलो.

संदेश सात मिनिटांचा होता, योहान अकरावरच. त्यानंतर नावं. एक नाव, एक मेणबत्ती, मग पुढचं नाव. "बाळी" म्हणताना मी वर पाहिलं. आजोबा काठी टेकत परातीपाशी आले, मेणबत्ती वाळूत खोचली आणि तिच्याभोवतीची वाळू बोटांनी नीट दाबली, रोपट्याभोवती माती दाबावी तशी.

मग प्रभुभोजन. विधीतला एकही शब्द आम्ही बदलला नव्हता, कारण परवानगीची अटच तशी होती. पण दर महिन्याला उच्चारतो तेच शब्द उच्चारताना माझ्या लक्षात आलं की त्याची सुरुवातच त्या रात्रीपासून होते जिच्यात प्रभूला धरून देण्यात आलं. त्या विधीत शोक आधीपासूनच होता, मला तो वेगळा आणून घालायची गरज नव्हती. शेवटी तेरावं स्तोत्र सगळ्यांनी मिळून वाचलं, आशीर्वाद दिला, आणि लोक न बोलता बाहेर पडले. दाराशी परिचारिकाबाई आणि दोन पंच थांबले होते, कुणाला बसून बोलायचं असेल तर.

मंगळवारी फोन आला. एका बाईंच्या शेजारणीचा. "त्यांच्या मुलाचं नाव वाचलं नाही तुम्ही."

मी फाइल उघडली. संमतीपत्रं 46, यादीत नावं 46. मग डायरी उघडली. शेवटच्या भेटीचं, 25 ऑक्टोबरचं संमतीपत्र तिच्यात घडी घालून तसंच होतं. यादी 24 तारखेला टाइप झाली होती. त्या घरी मी स्वतः गेलो होतो, त्यांच्याकडून मुलाचं नाव लिहून घेतलं होतं.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही 46 नावं वाचलीत. मी मोजत होते. प्रत्येक नावाला वाटायचं, आता पुढचं." मी क्षमा मागितली. कारण सांगायला लागलो होतो, पण थांबलो. डायरी आणि तारखा त्यांच्या काही कामाच्या नव्हत्या. येत्या रविवारी उपासनेच्या सुरुवातीलाच नाव वाचतो, असं म्हणालो. "एकट्याचं नको," त्या म्हणाल्या. "तो गेला तेव्हाही मी एकटीच होते. सगळ्यांबरोबर हवं होतं." यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. तासभर तिथे बसलो. त्या मुलाविषयी बोलत राहिल्या, मी ऐकत राहिलो.

यादी करणाऱ्यांना एवढंच सांगतो: उपासनेच्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून प्रत्येक संमतीपत्र यादीशी ताडून पाहा, आणि जो घरभेटींना गेला त्याच्या डायऱ्या, खिसे, पिशव्यासुद्धा तपासा.

9 नोव्हेंबरला उपासनेनंतर विचारविनिमयाला 38 जण थांबले. मी सुरुवातीलाच चुकलेल्या नावाबद्दल सांगितलं, त्या बाईंना विचारून. मग बाकीच्यांना बोलायला दिलं आणि मी लिहून घेत राहिलो. एकाने सांगितलं की त्याच्या सासूबाईंना दोन रात्री झोप लागली नाही, आणि असं पुन्हा करू नये. हे मत इतिवृत्तात जसंच्या तसं आहे. एक जण म्हणाले की मुलांना नावांच्या वेळी दुसऱ्या खोलीत नेलं ते चुकलं. "माझी मुलगी विचारते, आजी तर माझीपण होती ना, मग मला का नाही मेणबत्ती?" रविवार शाळेच्या बाईंनी ते ऐकून डोळे पुसले. मुलांना दूर ठेवायचा आग्रह त्यांचा आणि माझा होता. ज्येष्ठ पंच काका उठले आणि म्हणाले की त्यांनी धाकट्या भावाचं नाव द्यायचं राहून गेलं, कारण बावन्न वर्षं झाली आणि इतक्या जुन्या माणसाचं चालेल का हे त्यांना कळेना. आम्ही तर पाच वर्षांची मर्यादा घातली होती. ती आता काढली आहे.

सगळ्यांत शेवटी त्या ताई बोलल्या, ज्यांच्यापासून हे सुरू झालं. मी विचारलं नव्हतं. "मागच्या रविवारी मी गायले नाही," म्हणाल्या. "पण नुसते ओठसुद्धा हलवले नाहीत. गप्प उभी राहिले आणि मला लाज वाटली नाही."

पंचकमिटीने दोन ठराव केले. महिन्यातून एका रविवारी विलापाचं एक स्तोत्र वाचायचं, पूर्ण, मधे न थांबता. जानेवारी 2026 पासून ते सुरू करायचं ठरलं. आणि पुढच्या वर्षी हा रविवार पुन्हा करायचा, मुलांसह. मतं सात विरुद्ध दोन पडली.

2026 मध्ये 1 नोव्हेंबर रविवारीच येतो. बैठक संपल्यावर मी नव्या यादीचा कोरा कागद घेऊन त्या बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, कागद टेबलावर सरळ केला आणि पहिल्या ओळीत मुलाचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. तो कागद आता फाइलमध्ये सगळ्यात वर आहे.